न धरलेला तास

"हा तास मी धरणार नाही," असं रूथमॅडम म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी होती आणि तोंडावर हसू. हसू थोडा वेळ तसंच राहिलं, कारण मला वाटलं बाई चेष्टा करतायत. रोह्याच्या बाजारात एका मेडिकलच्या वर आमच्या केंद्राच्या दोन खोल्या आहेत. दर मंगळवारी पनवेलहून मनाचे डॉक्टर येतात, आतल्या खोलीत पेशंट बघतात, आणि तोवर पेशंटच्या घरच्या माणसाशी बाहेरच्या खोलीत बोलायचं काम माझं. म्हणजे अजून माझं नाही, मी शिकाऊ. मानसिक आरोग्यातल्या समाजकार्याचा अभ्यासक्रम, त्याचे वर्ग झाले, पेपर झाले, आता राहिले ते नुसते तास, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली दुसऱ्याच्या दुःखासमोर बसायचे तास. माझ्यावर देखरेख रूथमॅडमची. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात, एक अक्षर बोलत नाहीत, आणि शेवटी तास धरतात, म्हणजे हिशेबात घेतात. सगळे धरले गेले की मला नोंदणी मिळणार, पेणजवळच्या जोह्याच्या मूर्तीवाल्याची ही भाविका स्वतःच्या नावाची पाटी लावून बसणार. थोडेच उरले होते हो! आणि हा तर माझा आजवरचा सगळ्यात रंगलेला तास. समोरची बाई येताना मान खाली घालून आली होती, ती जाताना माझ्या गालावरून हात फिरवून, कानशिलावर बोटं मोडून गेली. आणि म्हणे धरणार नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

का, म्हणून विचारलं तर रूथमॅडम पिशवीकडे बघून म्हणाल्या की तास संपवून मासळी घेऊन बाहेर पडणारी तू पहिलीच. मग हसल्या. त्यांचं हसणं मला एरवी फार आवडतं, त्या दिवशी नाही आवडलं. पिशवी उचलली, जिना उतरले, स्टेशनपर्यंत रिक्षासुद्धा केली नाही, तरातरा चालत गेले, आणि दिव्याला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायला लागले. भांडणात मी नेहमी जिंकते, समोर माणूस नसेल तर. म्हटलं, वर्गात तुम्हीच लोक शिकवता ना, आधी समोरच्याचा विश्वास मिळवा म्हणून? मग मी काय केलं? काशीबाई आल्या. साठीच्या आतबाहेरची बाई, हातात हिरव्या बांगड्या नाहीत, पदर डोक्यावरून घट्ट. त्यांचा मुलगा हरेश आत डॉक्टरांकडे. तिशीतला मुलगा, मध्ये कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं त्याला वाटायचं, औषधांनी ते गेलं, चांगला सुधारला होता. पण दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिघडलं. पाय ओढत चालतो, बोलता बोलता झोपतो, तोंडातून लाळ गळते. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या तरी तेच. रक्त तपासलं, त्यात काही नाही. आता कारण कळलं नाही तर त्याला मोठ्या हॉस्पिटलात दाखल करायचं, असं डॉक्टर म्हणत होते, आणि दाखल शब्द ऐकला की काशीबाई पदर आणखी पुढे ओढायच्या. रूथमॅडमनी मला एवढंच सांगितलं होतं की घरी दिवस कसा जातो ते तिला सांगू दे, तू ऐक. बरं. मी समोर बसले आणि पहिला प्रश्न विचारला, कुठल्या गावच्या तुम्ही?

आता यात माझं काय चुकलं? आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात बोलणं दुसरं कुठून सुरू होतं? गाव विचारायचं, मग माहेर, मग माहेरात कुणाच्यातल्या, आणि नात्याचा धागा हाताला लागेपर्यंत सोडायचं नाही. धागा लागला की दोन्ही माणसं सैल होतात, मांडी घालून बसतात. काशीबाई सासरच्या शिर्कीच्या, माहेरच्या वढावच्या. वढाव! माझ्या आईचं माहेर! पुढची वाट सोपी होती. माझे आजोबा आणि त्यांचे वडील चुलतभाऊ, म्हणजे काशीबाई आईची चुलतचुलत बहीण, म्हणजे माझी मावशी. लहानपणी लग्नाकार्यात मी त्यांना बघितलं असणार, नव्हे ऐकलंच असणार, कारण लग्नात धवले, म्हणजे हळदीची, लग्नाची गाणी, गायला सगळीकडून बोलावणं येतं ती ही काशी धवलारीण. तिच्या गळ्यातून धवला निघाल्याशिवाय आमच्याकडे नवऱ्याला हळद लागत नाही, मग धवलारीण विधवा का असेना. "तू आमच्या ताईची गो?" म्हणाली आणि तिचा चेहराच बदलला. मग काय, वढावच्या मिथुनचं, माझ्या मामेभावाचं लग्न कधी, नवरी कुठली, माझं अजून कसं जमत नाही, पेणला एक मुलगा आहे त्याची कंपनीत शिफ्ट असते पण निर्व्यसनी आहे, असं करत तास कधी संपला कळलं नाही. उठताना तिनं पिशवीतून बोंबील काढले, आईला दे म्हणाली. नको कसं म्हणणार? मावशीला नको म्हणतात?

गाडी नागोठणं सोडून पुढे आली तरी माझं भांडण चालूच. खिडकीतून खाजणातल्या चिखलाचा खारा वास येत होता. पण रूथमॅडम जिना उतरताना मागून जे बोलल्या होत्या ते आता कानात शिरायला लागलं. त्या म्हणाल्या होत्या, "तू तिची भाची झालीस. ती तुला जीव लावेल, स्थळ आणेल, खाऊ घालेल. पण भाचीला सांगता येत नाही ते तिनं कुणाला सांगायचं?" आणि मग, जरा थांबून, काहीतरी स्वतःबद्दल. रूथमॅडमच्या माणसांची पूर्वी रोह्यात तेलाची घाणी होती, शनिवारी बंद असायची. त्यांचा भाऊ एझ्रा बायकापोरांसकट इस्राएलला गेला, चुलते गेले, मावश्या गेल्या, या एकट्या मागे राहिल्या. म्हणाल्या, या गावात मी कुणाची नणंद नाही, कुणाची जाऊ नाही, माझ्या कानात पडलेलं पुढे जायला वाटच नाही, म्हणून लोक माझ्याकडे येऊन सांगतात. म्हणजे बघा! यांचं बरं आहे. आणि मी काय करू? हमरापूरपासून नागोठण्यापर्यंत जिकडे दगड मारीन तिकडे माझा मामा नाहीतर आत्या. माझे नातेवाईक मी कुठल्या इस्राएलला पाठवू?

कासूला गाडी थांबली आणि एक बाई चढली, बसली, आणि मला उगाच आठवलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला भीती वाटायला लागली होती. कसली ते सांगता यायचं नाही. छातीत धडधड, हातपाय गार, पंगतीत बसलं की उठून पळावंसं वाटायचं. घरात आई होती, वैशालीवहिनी होती, वढावला मामी होती, सगळ्या जीव ओवाळून टाकणाऱ्या, आणि मी एकीलाही बोलले नाही. बोलले कुणाला? याच गाडीत, एका अनोळखी बाईला. तिच्या मांडीवर पालेभाजीची टोपली होती. तिनं नुसतं विचारलं, बरं नाय वाटत काय गो, आणि पेण ते कासू मी तिला सगळं ओकून टाकलं. ती कासूला उतरून गेली. मला तिचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, आणि म्हणूनच जीव भांड्यात पडला होता. हे इतकी वर्षं माझ्याजवळ होतं, आणि माणसासमोर बसताना मला ते एकदाही आठवलं नाही! मी जागेवरून उठलेच. राग कुठच्या कुठे गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी अंगात चढलं. म्हणजे हे असं आहे होय! मला त्या क्षणी उलटी गाडी धरून रोह्याला जावंसं वाटलं.

घरी आले तर आई ओटीवर बसून गणपतींच्या सोंडेवरच्या रेषा सुकतायत का बघत होती. बोंबील बघून खूश. कुणी दिले, तर माझ्या तोंडून निघालं, काशीमावशीनं. उचलली जीभ लावली टाळ्याला! पुढचा प्रश्न येणारच होता, कुठं भेटली, आणि मी म्हटलं गाडीत. आईनं तेल तापवलं, बोंबील टाकले, आणि आपल्याशीच बोलावं तसं बोलत राहिली. काशी रोह्याला जाते खरी, हरेश तिथंच धाटावला कंपनीत आहे ना. चांगला लागला पोरगा. पण कायम रात्रपाळी, बिचारा. लग्नाचं बोलावणं करायला कुणी शिर्कीला गेलं की हा आपला आत झोपलेला. परवा मिथुनची आई गेली होती, तर दिवसाढवळ्या घोरत होता, हाक मारली तरी उठला नाही.

मी ताटावर बसले होते ती तशीच बसून राहिले. हरेश कुठल्या कंपनीत नव्हता. पेण शिर्कीहून हाकेच्या अंतरावर. पेणला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. तरी ही बाई मुलाला घेऊन पार रोह्याला येत होती, का तर तिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही. कंपनीची गोष्ट रचली होती, येण्याजाण्याला निमित्त म्हणून. एवढा आटापिटा करून ती आमच्या खोलीत पोचली, जिथं ती कुणाची कुणी नव्हती. आणि मी, मी पाच मिनिटांत तिला अख्खा वढाव आणून दाखवला. वर हसत बोंबील घेतले. देवा! मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. आई म्हणाली, खा की, काटा आहे बघून खा. मी खाल्लं. बोंबील चांगले होते.

पुढचे दिवस मी जमिनीवर नव्हतेच. कारखान्यात बाबांना मदत करायला बसले तर रंगाचा हात दुसरीकडेच. एकच विचार, ती येईल का? आणि आली तर? मला अर्धं तर आईनं सांगूनच ठेवलं होतं. दिवसा झोपलेला पोरगा, हाक मारली तरी न उठणारा. हे मी तिच्यासमोर बोलून दाखवलं असतं तर ती काय समजली असती? खारेपाट बोलतोय, असंच. म्हणजे जे मला माहीत होतं ते मला माहीत नाही, असं बसायचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं! रूथमॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मंगळवारी तूच बस, मी खोलीत नसेन, मी असले तर तू माझ्यासाठी बोलशील. आणि नात्याचं काय करू, विचारलं, तर म्हणाल्या, ते मला कसं ठाऊक असणार, मला नाती कुठं आहेत, तुझं तू बघ. फोन ठेवल्यावर मी ओटीवर दोन गिरक्या मारल्या. आई म्हणाली, पगार वाढला काय? पगार! मी नाही म्हटलं तरी मला गंमत वाटत होती, भीती वाटत होती, आणि भीतीचीसुद्धा गंमत वाटत होती.

मंगळवारी ती आली. हरेश पाय ओढत आत गेला, दाराच्या चौकटीला धरून. तिच्या हातात पुन्हा पिशवी, या वेळी सुक्या कोळंबीचे सोडे. तोंडभर हसून म्हणाली, "ताई काय बोलली गो माझ्यावर?" मी पिशवी घेतली नाही. आमच्यात मावशीला नावानं हाक मारणारी मुलगी बेअदब समजतात, आईबापानं वळण लावलं नाही म्हणतात. मी म्हटलं, "काशीबाई, बसा."

तिचं हसू गेलं. पिशवी खाली ठेवून बसली. मी सांगितलं की बाहेर मी तुमची भाची आहे, जन्मभर आहे. पण या खोलीत मी कुणाची कुणी नाही. इथलं आईला कळणार नाही, वढावला कळणार नाही. गेल्या खेपेला मी नातं काढलं ते माझं चुकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली. पिशवी उचलली, पदर सारखा केला, दारापर्यंत गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मावशी, थांब गो, रागावू नको, मी तुझ्या ताईची. ओठांवर आलेलं ते मी कसं आत ढकललं माझं मला माहीत. बाबा सांगतात, साच्यातून काढलेली ओली मूर्ती सुकेस्तोवर हात लावायचा नाही, लावलास तर बोट उमटतं. मी हात मांडीखाली घेऊन बसले. खाली बाजारात कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती. काशीबाई दाराशी उभी. मला फक्त तिची पाठ दिसत होती. हरेश दाखल होणार, ती पुन्हा येणार नाही, आणि हे सगळं माझ्या एका शब्दानं, असं मी धरूनच चालले होते.

मग ती वळली आणि पिशवी दाराबाहेर जमिनीवर ठेवून आत आली. दार तिनं स्वतः लोटून घेतलं. बसली. बोलायला सुरुवात केली ती माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघून.

"लगीन असलं का मी त्याला जास्तीची गोळी घालतंय. भाकरीत चुरून."

ती सांगत गेली. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. धवलारणीला नाही म्हणता येत नाही, आणि तिला म्हणायचंही नव्हतं. मांडवाखाली बसून गायला लागली की तिला बरं वाटायचं, वर्षभरात तेवढंच बरं वाटायचं. पण मागे हा एकटा. उठून कुठं गेला, कुणासमोर काही बोलला तर? बोलावणं करायला येणाऱ्या बायका घरात शिरायच्या, त्यांना काय दाखवायचं? म्हणून आधी लग्नाच्या दिवशी, मग हळदीच्या दिवशी, मग बोलावण्याला कुणी येणार म्हणून. डॉक्टर कमी करायचे आणि ती वाढवायची, मागच्या उरलेल्या गोळ्या होत्याच घरात. "दुसऱ्याच्या पोराला मी औक्ष मागतंय गाण्यातून," ती म्हणाली, "आनि माझा मेल्यासारखा निजलेला. मीच निजवलेला. मी आय हाय का कोण हाय?"

नाही गो मावशी, असं बोलू नये, तू किती करतेस त्याचं! हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. सगळ्या भाच्या हेच म्हणतात. मी म्हटलं नाही. मी विचारलं, गाताना त्याची आठवण येते का? त्यावर ती जी रडली ती तोंडात पदर कोंबून नाही, मोकळी रडली, आणि मी बसून राहिले. माझ्या डोळ्यांतही पाणी आलं, पण आत काहीतरी नाचत होतं, खरं सांगते. दुसऱ्याचं एवढं दुःख समोर आणि मला आनंद! लाज वाटली नाही. कारण त्याच्या झोपेचं कारण सापडलं होतं, पोरगा वाचणार होता, आणि ते तिनं सांगितलं होतं, मी तिच्याकडून काढून घेतलं नव्हतं. डॉक्टरांना हे सांगावं लागेल, रूथमॅडमनाही, सांगू का, असं मी विचारलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्यांना सांग. ती मानसा आपली नाय."

रूथमॅडम गॅलरीत उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, थांबत थांबत, एरवी मी थांबत नाही. त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांचं नीट ठरवून घेतलं, उरलेल्या गोळ्या परत आणायच्या असं काशीबाईंशी बोलून घेतलं. मग संध्याकाळी निघताना, जणू काही दुसरंच बोलतायत अशा आवाजात म्हणाल्या, आजचा धरला. मी जिना दोन दोन पायऱ्या टाकत उतरले. त्यानंतरच्या मंगळवारी काशीबाई येत राहिल्या. लग्नाच्या दिवशी हरेशला ठेवायचं कुठं, यावर आम्ही खूप बोललो. शेजारी? बहीण? प्रत्येक नावाला तिची मान हलायची. एकदा तीच म्हणाली, बरोबर नेला तर? आणि म्हणून स्वतःच घाबरली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हरेशची चाल हळूहळू मोकळी होत होती. एकदा आत जाताना त्यानं मला विचारलं की हे मेडिकल रविवारी उघडं असतं का. पूर्ण वाक्य!

मग मिथुनची हळद आली. वढावला दुपारपासून मांडवात गर्दी, बेंजोवाले आपले खुर्च्या शोधतायत, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. आई मला शोधून शोधून माणसांना भेटवत होती, ही माझी भाविका, रोह्याला सरकारी काम करते. मी सरकारी नाही, पण असू दे. तेवढ्यात बायकांत हालचाल झाली, काशी आली, काशी आली. पाहिलं तर काशीबाई, नव्या लुगड्यात, आणि तिच्या मागे इस्त्रीचा शर्ट घालून हरेश. जागा. दिवसाढवळ्या जागा! कुणीतरी लगेच विचारलंच, आज शिफ्ट नाय काय रं? हरेश आईकडे बघू लागला. काशीबाई म्हणाली, कंपनी सोडली त्यानं, आजारी व्हता, आता बरा हाय. एवढं म्हणून तिनं त्याला मांडवाच्या खांबाजवळ खुर्ची दिली, स्वतः पाटाजवळ बसली, आणि धवला धरला. काय आवाज तो! वयाचा, थोडा फाटलेला, पण सगळा मांडव गप्प झाला. मध्येच हरेश उठला, दोन पावलं गेला, मी जागेवरून अर्धी उठले, पण तो पाणी पिऊन परत येऊन बसला. ती गात राहिली. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि गात राहिली.

हळद लावून झाल्यावर ती उरलेली हळद घेऊन सगळ्या भाच्यांच्या गालांना लावत निघाली. तशी रीत आहे. हिच्या गालाला, तिच्या गालाला, ओळीनं, थट्टा करत, लग्नाचं विचारत. माझ्यापाशी आली. मी गाल पुढे केलाच होता. तिची नजर माझ्या नजरेला लागली, अगदी सरळ, आणि ती मला ओलांडून पुढच्या मुलीकडे गेली.

आईला ते दिसलं. आई संतापली. सख्ख्यासारखी बहीण, तिचे बोंबील आम्ही खाल्ले, आणि चार बायकांत माझ्या पोरीला ओळख देत नाय? काय बिघडलं तुझं तिच्याशी? काय बोललीस तिला? मी काय सांगणार होते? आईला तर नाहीच. मान खाली घातली, हसू दाबलं, पण आनंद पोटात मावेना. भाच्या तिला ढीगभर होत्या, सगळं सांगायला परकी मात्र एकच. सगळ्या भाच्यांत कोरड्या गालाची मी एकटी होते.